जीर्णोद्धाराआधी दगडांची नोंद व्हावी

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकात धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील गावमंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या तीन बातम्या वाचल्या. तिन्हींमध्ये लोकवर्गणीचा आकडा होता, नव्या कळसाची उंची होती आणि राजस्थानातून येणाऱ्या संगमरवराचा उल्लेख होता. परंतु जुन्या मंदिराचे जे दगड उतरवले, त्यांचे पुढे काय झाले, याविषयी एकाही बातमीत अक्षर नव्हते. यात बातमीदाराचा दोष आहे असे मला वाटत नाही. हा प्रश्न वर्गणी देणारे विचारत नाहीत, घेणारे विचारत नाहीत आणि बांधणारेही विचारत नाहीत. मी स्वतः सरकारी बांधकामांवर चौतीस वर्षे काढली आणि एवढ्या काळात मीही तो कधी विचारला नाही. तो विचारावासा वाटला तो गेल्या वर्षी, आणि तोही साक्री-शिंदखेड्यात नव्हे, तर इंग्लंडमधील एका खेड्यात, हे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

मुलीकडे गेलो असताना जून महिन्यात तिने आम्हा उभयतांना हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला आठ-नऊ मैलांवर असलेल्या किलपेक या गावी नेले. आपल्याकडच्या एखाद्या पाड्याएवढी वस्ती, तिच्या कडेला ढासळलेल्या गढीचे गवताळ टेकाड, त्यावर भिंतीचे एक-दोन तुकडे, आणि टेकाडाच्या पायथ्याशी लाल वालुकाश्मात बांधलेले एक लहानसे चर्च, एवढेच ते गाव. चर्च संत मेरी आणि संत डेव्हिड यांच्या नावाचे असून ते ११४० च्या सुमाराचे आहे. ११४३ मध्ये ते ग्लॉस्टरच्या मठाला दान दिले गेल्याची नोंद असल्यामुळे बांधकाम त्याआधीचे असणार, असे तिकडचे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणे येथील महादेवाच्या मंदिरात शके १०७५ चा, इसवी सन ११५३ चा, निकुंभ राजांचा जो शिलालेख आहे, त्याच्या आणि या चर्चच्या वयात जेमतेम एका पिढीचे अंतर आहे.

चर्चचे दक्षिणेकडील दार पाहताना माझी पत्नी म्हणाली, "हे तर आपल्याकडच्या गाभाऱ्याच्या दारासारखे आहे." मी हसलो, पण जवळ गेल्यावर तिचे म्हणणे अगदीच चुकीचे वाटले नाही. दोन्ही बाजूंना दुहेरी खांब आहेत. बाहेरच्या खांबांवर एकमेकांची शेपटी गिळणारे साप वरपासून खालपर्यंत गुंफलेले आहेत. डावीकडच्या आतल्या खांबावर सैलसर विजारी घातलेले दोन सडपातळ योद्धे आहेत, तर उजवीकडच्या आतल्या खांबावर पानांत लपलेले पक्षी आहेत. त्याच बाजूच्या स्तंभशीर्षावर एक मुखवटा असून त्याच्या तोंडातून वेली बाहेर पडतात; तिकडे त्याला 'ग्रीन मॅन' म्हणतात, मला मात्र पहिल्या नजरेत आपले कीर्तिमुखच आठवले. दारावरच्या अर्धवर्तुळात एक झाड कोरलेले आहे, आणि त्याला वळसा घालणाऱ्या कमानीच्या प्रत्येक दगडावर काही ना काही प्राणी, पक्षी किंवा कोणत्याही पोथीत न सापडणारे जनावर बसवलेले आहे.

याहून जास्त वेळ मी घालवला तो वळचणीकडे पाहण्यात. आपल्या मंदिरांत खांबाच्या माथ्यावर तुळईचा भार पेलणारे कीचक असतात, त्याच धर्तीवर या चर्चच्या छपराखाली भिंतीतून पुढे आलेल्या दगडी तोड्यांची एक रांग सबंध इमारतीभोवती फिरते. मूळच्या ९१ तोड्यांपैकी ८५ आजही जागेवर आहेत. एकावर कुत्रा आणि ससा खेळण्यातल्यासारखे शेजारी शेजारी बसले आहेत, एकावर वाद्य वाजवणारा आहे, आणि एकावर एका स्त्रीची उघडी आकृती आहे, जिला तिकडे 'शीला-ना-गिग' म्हणतात. आपल्या लज्जागौरीची आठवण होतेच, पण दोघींचा परस्परांशी संबंध जोडण्याचा मोह आवरावा. मोबाइलवर तसले पुष्कळ फिरत असते. घडवणाऱ्या पाथरवटांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. त्याच परिसरातील काही गावांत, उदाहरणार्थ अर्डिसली येथील दगडी बाप्तिस्मापात्रावर, याच घराण्याची टाकी ओळखू येते, एवढेच सांगता येते.

आता या पत्राच्या मुद्द्याकडे येतो. किलपेकचा दगड वालुकाश्म आहे. पाऊस आणि थंडी दोन्ही त्याला बाधतात, आणि त्या मुलखात दोन्हींना तोटा नाही. आपला खानदेशचा काळा पाषाण त्या मानाने किती तरी कठीण. त्यावर काम करताना टाकीला पुन्हा पुन्हा धार लावावी लागते. असे असूनही तिथल्या सापाच्या अंगावरील खवले मला चष्म्याशिवाय मोजता आले, आणि आमच्या तालुक्यातील कितीतरी मूर्तींचे नाक कोणते आणि डोळा कोणता हे चष्मा लावूनही सांगता येत नाही. या फरकाचे कारण दगडाच्या जातीत शोधून चालणार नाही.

इंग्लंडमधले लोक जात्याच दगड जपणारे आहेत, असेही कोणी समजू नये. तिथे सतराव्या शतकात धर्मसुधारणेच्या आवेशात चर्चमधील मूर्ती फोडण्याचे रीतसर हुकूम निघाले होते, आणि १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग नावाचा गृहस्थ त्या कामासाठी केंब्रिजशायर आणि सफोकमधील गावे फिरला. कोणत्या चर्चमध्ये किती चित्रे-मूर्ती फोडल्या, याची रोजनिशी त्याने लिहून ठेवली आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात तर दुरुस्तीच्या नावाखाली जुने दगड खरवडून 'नवे' करण्याची लाटच आली. तिला विरोध म्हणून विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये एक संस्था काढली. जुन्या इमारतीची डागडुजी करावी, तिला तरुण करण्याच्या भानगडीत पडू नये, असे त्या संस्थेचे सांगणे होते आणि ती आजही काम करते आहे.

किलपेकच्याच जिल्ह्यातील शॉबडन या गावची हकीकत मला सर्वांत बोलकी वाटली. तिथेही बाराव्या शतकातील चर्च होते आणि त्यावरचे कोरीव काम किलपेकच्याच तोडीचे होते. अठराव्या शतकाच्या मध्यात तिथल्या जमीनदार घराण्याने ते जुने, अंधारे चर्च पाडले आणि त्या जागी पांढऱ्याशुभ्र, नाजूक नक्षीचे नवे चर्च उभारले. जुन्या चर्चच्या कमानी आणि कोरीव दरवाजे मात्र त्यांनी फेकले नाहीत. उलट मोठ्या हौसेने ते जवळच्या टेकडीवर, हवेलीतून नजरेस पडतील असे, शोभेसाठी उभे केले. हेतू वाईट नव्हता. पण डोक्यावर छप्पर नाही, मागे भिंत नाही, चहूबाजूंनी पाऊस आणि वारा, अशा अवस्थेत अडीचशेहून अधिक वर्षे काढल्यावर त्या कमानींवरचे चेहरे विरघळल्यासारखे पुसले गेले आहेत. जॉर्ज रॉबर्ट लुईस या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकात किलपेक आणि शॉबडन या दोन्ही ठिकाणच्या कोरीव कामाची चित्रे काढून ठेवली होती. किलपेकमध्ये ती चित्रे हातात धरून दगडाशी ताडून पाहता येतात. शॉबडनमध्ये बऱ्याच ठिकाणी काय होते हे कळायला आता त्या चित्रांचाच आधार उरला आहे.

म्हणजे एकाच हाताचे काम, एकच मुलूख आणि एकच पाऊस. एक दगड आपल्या जागी, आपल्या वळचणीखाली राहिला आणि दुसरा हौसेपोटी जागेवरून हलला. किलपेकच्या दाराला तर पूर्वी लाकडी पडवीही होती. पाहुण्यांना कमान नीट दिसावी म्हणून १८६८ मध्ये ती काढली. नंतर दगड झिजू लागल्याची काळजी वाटू लागली, तेव्हा १९६२ मध्ये कमानीच्या वर पाणी बाहेर टाकणारी एक अरुंद पट्टी बसवली. मी ती पट्टी बराच वेळ खालून न्याहाळली. आमच्या भाषेत तिला धड छज्जाही म्हणता येणार नाही, इतकी ती साधी आहे. मोठमोठी अंदाजपत्रके करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती पाहून जे वाटले, ते इथे लिहीत नाही.

चर्च ऑफ इंग्लंडच्या व्यवस्थेत किरकोळ बाबी वगळता चर्चच्या इमारतीत कोणताही बदल करायचा झाल्यास 'फॅकल्टी' नावाचा लेखी परवाना घ्यावा लागतो. १९५५ च्या कायद्याने सुरू झालेल्या पद्धतीनुसार प्रत्येक चर्चची दर पाच वर्षांनी जाणकार वास्तुविशारदाकडून तपासणी होते. चर्चमधील वस्तूंची यादी आणि झालेल्या दुरुस्त्यांची नोंदवही गावातूनच निवडलेल्या चर्चवॉर्डनांनी ठेवायची असते. हे कोणी मोठे अधिकारी नसतात. शेती किंवा दुकान सांभाळून हे काम करणारी गावातलीच माणसे असतात. आणि किलपेक हे काही संग्रहालय नाही. तिथे आजही प्रार्थना होते. आम्ही गेलो तेव्हा वेदीजवळ ताजी फुले होती आणि दाराशी पाहुण्यांची वही व वर्गणीची पेटी होती. हे मुद्दाम लिहितो, कारण गावात हा विषय काढला की पहिले उत्तर येते, "मग काय देवाचं म्युझियम करायचं?" देव देवळातच राहावा आणि त्याची पूजाही होत राहावी, दगडही त्याच देवळात राहावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे काय आहे, हे वाचकांना सांगण्याची खरे तर गरज पडू नये. चाळीसगाव तालुक्यातील वाघळी येथे शके ९९१ चा, म्हणजे १०६९ सालचा, मौर्य कुळातील गोविंदराजाचा शिलालेख आहे. पाटण्याचा तो दुसरा प्रसिद्ध शिलालेख शके ११२८ चा. तो भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला बाजारातील कराचे कोणते उत्पन्न लावून दिले, हे त्यात आधी संस्कृतात आणि शेवटी त्या काळच्या मराठीत कोरलेले आहे. गणिताच्या शाळेचा खर्च कसा भागवायचा, हे आठशे वर्षांपूर्वी दगडावर लिहून ठेवणारा आपला मुलूख आहे. आमच्या साक्री तालुक्यात बुराई नदीच्या काठी बळसाणे येथे मंदिरांचा समूह आहे, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे मंदिर आहे, आणि झोडग्याचे माणकेश्वर मंदिर तर मुंबई-आग्रा महामार्गावरून जाता-येता दिसते. हेन्री कझिन्स यांनी दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा जो ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात या मुलखातील मंदिरांचे नकाशे आणि छायाचित्रे आहेत. यांतील बहुतेक स्थळांना १९५८ च्या केंद्रीय किंवा १९६० च्या राज्याच्या कायद्याचे संरक्षण आहे. ते पुरेसे आहे की नाही, हा वेगळा विषय.

मला चिंता आहे ती यादीत नसलेल्या दगडांची. वेशीजवळचा वीरगळ, पिंपळाच्या पारावर टेकवून ठेवलेली सतीशिळा, मारुतीच्या देवळाच्या पायरीला लावलेला जुन्या मंदिराचा स्तंभखंड, विहिरीच्या काठावर पालथा पडलेला आणि बायांनी धुणे धुऊन धुऊन गुळगुळीत केलेला द्वारपट्टीचा तुकडा, हे कोणत्याच कायद्याच्या परिशिष्टात नाहीत. आमच्या शेजारच्या गावी एक वीरगळ आहे. खालच्या चौकटीत गुरे आणि त्यांच्यासाठी झुंजणारा वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर. तीन वर्षांपूर्वी आखाजीच्या सुमारास गावातील तरुणांनी श्रद्धेने त्याला चंदेरी ऑइल पेंट दिला, दुसऱ्या वर्षी त्यावर शेंदरी, आणि यंदा पुन्हा चंदेरी. आता गाय आणि अप्सरा यांच्यात फरक करता येत नाही. ती पोरे वाईट नाहीत, रंगाचा खर्चही त्यांनी खिशातून केला होता. पुढे कधी तरी तो रंग काढायचे कोणाच्या मनात येईल आणि तारेचा ब्रश किंवा सँडब्लास्टिंगचे यंत्र आणले जाईल, तेव्हा रंगाबरोबर उरलीसुरली रेघही जाईल, ही मला खरी भीती वाटते. जुन्या चुन्याच्या किंवा कोरड्या सांध्यांत सिमेंट भरणे हा दुसरा प्रकार. पाणी आत शिरायचे ते शिरतेच, फक्त बाहेर पडण्याची वाट बंद होते आणि ते दगडातच मुरत राहते. हे मला नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत समजले. त्याआधी सांधे भरण्याच्या किती अंदाजपत्रकांवर मी सही केली, ते आठवत नाही.

एक प्रसंग मात्र चांगला आठवतो. १९८३ साली एका गावच्या महादेव मंदिरापुढे सिमेंटचा सभामंडप बांधण्याचे काम माझ्या देखरेखीखाली होते. जुना मंडप पडका होता, तो उतरवला. त्यातून दोन हात लांबीचा, वीतभर रुंदीचा एक पट्टा निघाला. खाली वेलबुट्टी आणि वर हंसांची रांग होती. नऊ हंस होते. आठ समोर पाहणारे, आणि डावीकडून सहावा मान मागे वळवून आपल्याच पिसात चोच खुपसणारा. त्या सहाव्या हंसापाशी पाथरवटाने क्षणभर गंमत केली होती, हे तेव्हाही माझ्या लक्षात आले. गवंड्याने विचारले, "साहेब, हाऊ कोठे ठेवाना?" आणि मी काही बोलण्याआधी स्वतःच म्हणाला, "हाऊ देव नही, दगड शे." जोत्याच्या भरणीला दगड कमी पडत होता. मी मान हलवली. मोजमाप पुस्तकात 'जुना दगड भरावात वापरला' एवढी एक ओळ मी माझ्या हाताने लिहिली आणि तेवढ्या घनफळाची रक्कम देयकातून वजा केली. हिशेब चोख होता. छायाचित्र काढले नाही, रेखाटनही केले नाही, आणि आरेखनाचे सामान तर माझ्या पिशवीतच होते.

किलपेकच्या वळचणीखाली त्या कुत्र्या-सशाकडे पाहताना मला हा हंस आठवला आणि तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

आपल्या दैनिकामार्फत गावोगावच्या विश्वस्तांना, ग्रामपंचायतींना आणि जीर्णोद्धार समित्यांना माझी विनंती फार मोठी नाही. नवे मंदिर बांधू नका, असे मी म्हणत नाही. पडके देऊळ पाहून गावाला वाईट वाटते आणि ते योग्यच आहे. पण पहिला दगड उतरवण्याआधी एक दिवस त्या कामासाठी राखावा. शाळेतील मुले, एक मोबाइल आणि एक मीटरची टेप एवढ्यावर काम भागते. प्रत्येक कोरीव दगडाचे समोरून आणि बाजूने छायाचित्र घ्यावे, छायाचित्रात टेप दिसावी, दगड भिंतीत कोठे होता ते कागदावर खुणेने दाखवावे आणि ही नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडावी. तिची एक प्रत धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळासारख्या ठिकाणी द्यावी, म्हणजे सरपंच बदलला, कपाट बदलले तरी ती सापडेल. मंदिर संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाला विचारल्याशिवाय हातच लावू नये, हे वेगळे सांगायला नको. नव्या बांधकामात जुना दगड मूळच्याच जागी बसवता आला तर उत्तम. नाही तर देवळाच्याच आवारात, जमिनीपासून हातभर उंच ओट्यावर आणि चार खांबांच्या पत्र्याखाली तो उभा करावा. पत्रा दिसायला बरा दिसत नाही हे मान्य. पण त्याने पाणी अडते. रंग देऊ नये, सिमेंट थापू नये, आणि कोणी पाहुणा बंगल्याच्या बागेसाठी मागू लागला तर त्याला शॉबडनची गोष्ट सांगावी.

शेंदराविषयी मी काही सुचवत नाही. ज्या दगडाला पिढ्यानपिढ्या शेंदूर लागत आला आहे, तो देव झालेला आहे आणि त्याच्यात व त्याच्या भक्तांत निवृत्त अभियंत्याने पडू नये. ऑइल पेंटची परंपरा मात्र पन्नास वर्षांचीही नाही, ती थांबवताना कोणाच्या भावनेला धक्का लागण्याचे कारण दिसत नाही.

राहिला माझा हंस. त्या गावच्या विश्वस्तांना मी श्रावणात भेटलो. सभामंडपाची फरशी उखडली आहे आणि दिवाळीनंतर ती बदलायचे ठरले आहे, असे त्यांनी सांगितले. मी त्यांना आठवणीने नकाशा काढून दिला आहे. ईशान्येच्या खांबापासून गाभाऱ्याकडे चार फूट यावे, फरशीखालचा कोबा फोडून अडीच फूट खाली जावे, पहारीऐवजी हाताने माती काढावी, आणि पट्टा पालथा असेल, कारण सपाट बाजू वर हवी म्हणून तो मीच तसा ठेवायला सांगितला होता. त्या दिवशी मला बोलवा, असे त्यांना सांगून आलो आहे.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
ता. साक्री, जि. धुळे